न मोडणारे विक्रम : पूर्व जर्मनी, स्टेरॉइड आणि आदर्श खेळाडू

महिलांच्या ४०० मीटर धावण्याचा जागतिक विक्रम ४७.६० सेकंदांचा आहे. पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉख हिने तो ६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे विश्वचषक स्पर्धेत नोंदवला. पाच वर्षांनी तिचा देश नकाशावरून गेला, विक्रम राहिला. त्यानंतर धावपट्ट्या बदलल्या, बुटांचे तळ बदलले, आहार आणि सरावाचे शास्त्र कुठल्या कुठे गेले, तरी चाळीस वर्षांत ही वेळ कोणाच्या हाती लागली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची सिडनी मॅक्लॉक्लिन-लेव्हरोन ४७.७८ सेकंदांत धावली. कॉखच्या इतक्या जवळ तोवर कोणी पोहोचले नव्हते, आणि तरीही ०.१८ सेकंद उरलेच.

विक्रमांच्या यादीत असे आणखी काही आकडे ठाण मांडून बसले आहेत. ८०० मीटरमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्रातोख्विलोवाची १ मिनिट ५३.२८ सेकंद ही वेळ १९८३ सालची, म्युनिकमधली. गोळाफेकीत सोव्हिएत संघाच्या नताल्या लिसोव्स्कायाची २२.६३ मीटरची फेक १९८७ ची, तर थाळीफेकीत पूर्व जर्मनीच्या गाब्रिएले राइन्शची ७६.८० मीटरची फेक १९८८ ची. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये महिलांच्या गोळाफेकीचे सुवर्णपदक बरोबर २०.०० मीटरवर मिळाले. म्हणजे आजची ऑलिंपिक विजेती त्या जुन्या खुणेच्या अडीच मीटरांहून अधिक मागे आहे. पुरुषांच्या १०० मीटरमध्ये नेमके उलटे घडले. १९८५ साली तिथला जागतिक विक्रम ९.९३ सेकंदांचा होता, आज तो ९.५८ चा आहे. माणसाची धाव थांबलेली नाही. महिलांच्या काही प्रकारांत मात्र ती १९८० च्या दशकातच अडकून पडल्यासारखी दिसते.

एवढ्यावरून कोणावर आरोप सिद्ध होत नाही. कॉख किंवा क्रातोख्विलोवा यांची एकही चाचणी दोषी ठरलेली नाही. क्रातोख्विलोवा यांनी आरोप नेहमीच नाकारले आणि कॉख यांनीही काही गैर केल्याचे मान्य केलेले नाही. पण एकेका नावाकडे न पाहता सगळ्या यादीकडे पाहिले, तर तारखांची गर्दी ठरावीक वर्षांत झालेली दिसते. स्पर्धेच्या दिवशी होणाऱ्या चाचणीखेरीज सरावाच्या काळात अचानक दारात येऊन ठेपणारी चाचणी १९८८ च्या सोल ऑलिंपिकनंतर रूढ होऊ लागली. ही यादी जितकी खेळाडूंच्या क्षमतेची आहे, तितकीच ती चाचण्यांच्या इतिहासाचीही आहे, आणि तशी ती वाचावी लागते.

‘स्टेरॉइड’ हा शब्द मराठी घरांत दोन वेगळ्या अर्थांनी येतो आणि त्यातून बराच घोळ होतो. दम्याच्या पंपात, सांध्यात दिल्या जाणाऱ्या इंजेक्शनात किंवा कोविडच्या काळात सर्वांना ठाऊक झालेल्या डेक्सामेथासोनमध्ये जे असते, ते कॉर्टिकोस्टेरॉइड. ते सूज उतरवते. त्याने स्नायू वाढत नाहीत, दीर्घकाळ घेतल्यास उलट झिजतात. खेळातला वाद ज्यांच्यावरून होतो ती ॲनाबॉलिक स्टेरॉइडे म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पौरुषसंप्रेरकाची कृत्रिम भावंडे. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत प्रथम १९३५ साली तयार झाले. त्या क्षेत्रातील कामासाठी आडोल्फ ब्युटेनान्ट आणि लेओपोल्ड रुझिका यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५८ मध्ये सिबा कंपनीचे डायनाबॉल अमेरिकेत बाजारात आले. त्यातील मुख्य द्रव्य मेथॅन्डिएनोन. जॉन झिग्लर या डॉक्टरने ते अमेरिकी वेटलिफ्टरांना दिले आणि गोळ्यांची चव खेळाला लागली. पूर्व युरोपला या पापाचे माहेर मानणाऱ्यांच्या ही गोष्ट सोयीस्करपणे लक्षात राहत नाही.

ही द्रव्ये स्नायूंच्या पेशींत प्रथिने बांधण्याचा वेग वाढवतात. खेळाडूच्या दृष्टीने त्याहून मोलाचा परिणाम असा की कसून सराव केल्यानंतर शरीर लवकर भरून निघते. दोन दिवसांनी जो सराव पुन्हा झेपला असता, तो दुसऱ्याच दिवशी झेपतो. म्हणूनच गोळ्या घेणाऱ्या खेळाडूला आपले यश घामाचे वाटते, आणि ते काही अगदी खोटे नसते. घाम गाळण्याची ताकदच उसनी असते. स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन मुळात पुरुषांच्या कित्येक पट कमी असल्याने तेवढ्याच मात्रेने त्यांच्यात पडणारा फरक फार मोठा असतो. पुरुषाच्या भरलेल्या घागरीत ओतलेले तांब्याभर पाणी जाणवत नाही. रिकाम्या घागरीत ते लगेच दिसते. १९८० च्या दशकातले अढळ विक्रम बहुतेक महिलांच्याच यादीत का आहेत, याचे मोठे कारण हे आहे.

हे कारण ज्या राज्यकर्त्यांनी नीट ओळखले, ते पूर्व जर्मनीचे. जेमतेम पावणेदोन कोटी लोकसंख्येच्या या देशाला जगात स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळवायची होती आणि शेजारच्या श्रीमंत पश्चिम जर्मनीपेक्षा आपली व्यवस्था सरस आहे हे दाखवायचे होते. दुकानांतल्या मालावरून ते दाखवणे अवघड होते, पदकतालिकेवरून सोपे होते. खेळाडूंना ‘ट्रॅकसूटमधले राजदूत’ म्हटले जाई. गावोगावच्या शाळांतून मुलांची मोजमापे घेऊन निवड होई, निवडलेली मुले क्रीडा निवासी शाळांत जात आणि तिथून मोठ्या क्लबांत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मनीच्या महिला जलतरणपटूंना एकही सुवर्ण मिळाले नव्हते. १९७६ मध्ये माँट्रियलला त्यांनी १३ पैकी ११ शर्यती जिंकल्या. त्या स्पर्धेत देशाची एकूण सुवर्णपदके ४० झाली, अमेरिकेची ३४.

या दोन ऑलिंपिकांच्या मधोमध, ऑक्टोबर १९७४ मध्ये, सत्ताधारी पक्षाने एका योजनेला मंजुरी दिली. ‘राज्य योजना विषय १४.२५’ हे तिचे नाव एखाद्या कारकुनाने फाइलीवर टाकलेल्या क्रमांकासारखे आहे. उत्तेजके त्याआधीही दिली जात होती. योजनेने त्यांना सरकारी शिस्त दिली. संशोधन, मात्रा, वेळापत्रक, गुप्तता, सारे एका छत्राखाली आले. कागदोपत्री ‘उत्तेजक’ हा शब्द नव्हता, ‘साहाय्यक साधने’ होता. मुख्य औषध ओरल-ट्युरिनाबॉल हे येना शहरातील येनाफार्म या सरकारी कारखान्यात बनणारे स्टेरॉइड. त्याच्या निळ्या गोळ्या त्या पिढीच्या खेळाडूंच्या आठवणींत कायमच्या राहिल्या. प्रशिक्षक त्या ‘जीवनसत्त्वे’ म्हणून देत. दिलेली गोळी समोरच गिळायची, घरी आईवडिलांजवळ बोलायचे नाही. या योजनेच्या कक्षेत साधारण दहा हजार खेळाडू आले असावेत, असा अंदाज नंतर मांडला गेला. त्यांत अल्पवयीन मुली मोठ्या संख्येने होत्या.

या यंत्रणेचा सर्वांत चलाख भाग औषध देण्याचा नव्हता, न सापडण्याचा होता. १९७७ मध्ये गोळाफेकपटू इलोना स्लुपियानेक हेलसिंकीतील युरोपीय चषकात स्टेरॉइडसाठी दोषी सापडली आणि तिच्यावर वर्षभराची बंदी आली. पुढच्या वर्षी बंदी संपताच ती प्रागमध्ये युरोपीय विजेती झाली आणि १९८० मध्ये मॉस्कोत ऑलिंपिक विजेती. देशाने मात्र या प्रसंगातून धडा घेतला, आणि तो नको तो घेतला. ड्रेस्डेनजवळच्या क्रायशा येथील प्रयोगशाळा आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची मान्यता असलेली होती. परदेशी स्पर्धेला निघण्यापूर्वी खेळाडूंचे मूत्रनमुने तिथेच तपासले जाऊ लागले. ज्याच्या नमुन्यात अजून औषधाचा अंश दिसे, तो ‘दुखापती’मुळे घरी राही. चोर पकडण्यासाठी दिलेला कंदील चोराच्या वाटेवर धरला गेला.

शास्त्र पुढे सरकले तशी पळवाटही सरकली. शरीरात मूळचेच असणारे टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले तर ते ओळखायचे कसे, हा प्रश्न होता. कोलोनच्या मानफ्रेड डोनिके यांनी त्यावर टेस्टोस्टेरॉन आणि एपिटेस्टोस्टेरॉन या दोन द्रव्यांच्या प्रमाणाची कसोटी काढली. निरोगी शरीरात ते साधारण एकास एक असते; सहास एकाच्या पुढे गेले तर नमुना दोषी. ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये ही कसोटी स्वीकारली. पूर्व जर्मनीने एपिटेस्टोस्टेरॉनही तयार करून घेतले, म्हणजे दोन्ही पारडी एकदम वाढवता येऊ लागली. एपिटेस्टोस्टेरॉनचा खेळाडूच्या ताकदीला काडीचा उपयोग नाही. ते निव्वळ तराजू फसवण्यासाठी होते, आणि त्याच्या निर्मितीवर एका राज्याने पैसा व बुद्धी खर्च केली.

हायडी क्रीगर या गोळाफेकपटूची हकीकत या सगळ्याचा मानवी बाजूने हिशेब देते. बर्लिनच्या डायनामो क्लबमध्ये सोळाव्या वर्षापासून तिला निळ्या गोळ्या मिळू लागल्या. खांदे रुंदावले, आवाज जाड झाला, अंगावर केस आले. रस्त्यात लोक कुजबुजत. १९८६ मध्ये स्टुटगार्टला २१.१० मीटरच्या फेकीने ती युरोपीय विजेती झाली. पुढे सापडलेल्या नोंदींनुसार त्या एका वर्षात तिला सुमारे २,५९० मिलिग्रॅम ओरल-ट्युरिनाबॉल दिले गेले होते. पाठ, गुडघे आणि खुब्याच्या दुखण्यांनी खेळ संपला. १९९७ मध्ये लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर ते आन्द्रेआस क्रीगर झाले. आपल्या मनात लिंगाविषयीचा संभ्रम आधीपासून होता, पण निर्णय आपल्या हातात उरला नाही, अशी त्यांची भूमिका राहिली. इतर अनेक खेळाडूंच्या वाट्याला यकृताचे विकार, हृदयविकार, पाळीच्या तक्रारी आणि गर्भपात आले.

बर्लिनची भिंत पडली नसती तर यातले फारसे बाहेर आले नसते. हायडेलबर्गचे रेणवीय जीवशास्त्रज्ञ वेर्नर फ्रान्के आणि त्यांच्या पत्नी ब्रिगिटे बेरेनडोंक यांनी बाड सारो येथील लष्करी वैद्यकीय अकादमीत उरलेले गोपनीय प्रबंध मिळवले. बेरेनडोंक स्वतः थाळीफेकपटू होत्या आणि तरुणपणीच पूर्वेतून पश्चिमेत आल्या होत्या. १९९१ मध्ये त्यांचे पुस्तक आले, त्यात खेळाडूंची नावे आणि मात्रांचे तक्ते होते. मारिटा कॉखच्या नावापुढेही आकडे होते. पोलीस तपासात जे खबऱ्यांकडून कळते, ते इथे शास्त्रज्ञांनी आपण होऊन लिहून ठेवले होते, कारण त्यांना पदवी हवी होती. एकाधिकारशाहीला आपल्या कर्तबगारीची नोंद ठेवण्याची हौस असते. या प्रकरणात त्या हौसेचे उपकार झाले. २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना २२ महिन्यांची आणि वैद्यकीय प्रमुख मानफ्रेड ह्योप्नर यांना १८ महिन्यांची शिक्षा सुनावली. दोन्ही शिक्षा स्थगित होत्या, त्यामुळे तुरुंगात कोणीच गेले नाही. बळी ठरलेल्या खेळाडूंना भरपाई देण्यासाठी जर्मनीने २००२ आणि २०१६ मध्ये कायदे केले.

न्यायालयाने गुन्हा मानला तरी विक्रमांच्या यादीला हात लागला नाही, आणि या विषयाचा सर्वांत अवघड भाग इथेच आहे. यादी चालवणाऱ्या महासंघाचे नियम पुरावा मागतात: दोषी नमुना किंवा खेळाडूचा कबुलीजबाब. शिवाय कारवाईला काळाची मर्यादा. पूर्व जर्मनीची व्यवस्था नेमकी पहिला पुरावा उरू नये यासाठीच उभी होती, आणि दुसरा देण्यात कोणाचा लाभ नव्हता. याच्या उलट उदाहरण कॅनडाच्या बेन जॉन्सनचे. २४ सप्टेंबर १९८८ रोजी सोलमध्ये तो १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला. नमुन्यात स्टॅनोझोलॉल हे स्टेरॉइड सापडले, पदक गेले, विक्रम गेला. पुढे कॅनडाने नेमलेल्या डुबिन चौकशीत त्याने जुनी उत्तेजकेही कबूल केली. तेव्हा १९८७ चा त्याचा रोममधला ९.८३ सेकंदांचा विक्रमही रद्द झाला, जरी त्या दिवशीची चाचणी निर्दोष होती. खरे बोलल्याची ती किंमत होती. जे गप्प राहिले त्यांचे आकडे जिथल्या तिथे राहिले.

इनेस गायपेल यांनी तिसरी वाट धरली. १९८४ मध्ये एर्फुर्ट येथे येनाच्या क्लबकडून ४ × १०० मीटर रिलेत त्या धावल्या होत्या आणि ती वेळ क्लब संघांचा जर्मन विक्रम म्हणून नोंदली गेली होती. पुढे लेखिका आणि प्राध्यापक झालेल्या गायपेल यांनी आपला सहभाग स्वेच्छेचा नव्हता असे सांगून आपले नाव यादीतून काढण्याची मागणी केली. जर्मन महासंघाने विक्रम ठेवला, नाव काढले, त्याच्या जागी तारांकन घातले. चौघींच्या धावेत एक धावपटू तारा होऊन पळते आहे, अशी ती नोंद आहे.

२०१७ मध्ये युरोपीय महासंघाने सरसकट उपाय सुचवला. विक्रम मान्य व्हायचा तर तो ठरावीक दर्जाच्या स्पर्धेत झालेला असावा, त्याआधीच्या महिन्यांत खेळाडूच्या पुरेशा चाचण्या झालेल्या असाव्यात, आणि त्या दिवशीचा नमुना दहा वर्षे साठवून फेरतपासणीसाठी उपलब्ध असावा. जागतिक महासंघ नमुने साठवू लागला तो २००५ पासून, म्हणजे त्याआधीचे सारे विक्रम आपोआप ‘जुनी नोंद’ ठरले असते. लगेच ओरड झाली. ब्रिटनची मॅरेथॉन धावपटू पॉला रॅडक्लिफ आणि तिहेरी उडीतला जोनाथन एडवर्ड्स यांच्यावर कधी दोष आला नव्हता. त्यांचेही २००३ आणि १९९५ चे विक्रम त्यात गेले असते. दोषींना शिक्षा करता येत नाही म्हणून सर्वांची पाटी पुसायची, हे न्यायाला धरून नव्हते. प्रस्ताव बारगळला. तो बारगळला हे योग्यच झाले असे म्हणता येईल, मात्र त्यामुळे निर्दोष आणि संशयित दोघेही एकाच रांगेत उभे राहिले.

आदर्शांचा प्रश्न यात गुंतलेला आहे, पण तो बहुधा चुकीच्या टोकाने धरला जातो. खेळाडू मोहाला बळी पडला, मुलांचा विश्वासघात झाला, एवढ्यावर तो संपवला जातो. पूर्व जर्मनीत आदर्श आकाशातून पडले नव्हते. राज्याने ते हेतुपुरस्सर घडवले होते, वर्तमानपत्रांत छापले होते, शाळांच्या भिंतींवर लावले होते. ज्या मुली त्या चित्रांकडे पाहून क्लबात आल्या त्यांनाच गोळ्या मिळाल्या. म्हणजे एका पिढीची विजेती ही पुढच्या पिढीच्या भरतीची जाहिरात होती. आणि ती विजेती स्वतः बहुतेकदा काही वर्षांपूर्वी अशाच चित्राकडे पाहून आलेली मुलगी होती. तिला फसवणूक करणारी म्हणावे की फसवली गेलेली, याचे एका शब्दात उत्तर नाही. न्यायालयात क्रीगर साक्षीदार म्हणून उभे राहिले आणि यादीत विजेते म्हणून.

बाजाराने घडवलेला आदर्श फारसा वेगळा नसतो, फक्त त्याचा मालक वेगळा असतो. अमेरिकेची मॅरियन जोन्स सिडनी २००० मध्ये तीन सुवर्ण आणि दोन कांस्यपदके घेऊन देशाची लाडकी झाली. कॅलिफोर्नियातील बाल्को या कंपनीने पुरवलेले नवे स्टेरॉइड तेव्हाच्या चाचण्यांना दिसतच नव्हते. एका प्रशिक्षकाने त्याची सिरिंज अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे पाठवली, लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेत डॉन कॅटलिन यांनी त्याची रचना ओळखली, तेव्हा २००३ मध्ये ते उघड झाले. जोन्स हिने २००७ मध्ये कबुली दिली, पाचही पदके परत केली आणि २००८ मध्ये तपास अधिकाऱ्यांशी खोटे बोलल्याबद्दल सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगायला गेली. इतक्या वर्षांत तिच्या कितीतरी चाचण्या निर्दोष आल्या होत्या.

माँट्रियलमध्ये पूर्व जर्मन मुलींच्या मागे राहून चार रौप्यपदके मिळवणाऱ्या अमेरिकेच्या जलतरणपटू शर्ली बाबाशॉफने त्याच वेळी जाहीरपणे शंका बोलून दाखवली होती. तिचे म्हणणे पुढे कागदांनी खरे ठरवले. १९७६ मध्ये मात्र तिच्याच देशातल्या वृत्तपत्रांनी तिला ‘तिरसट शर्ली’ ठरवले. हरणाऱ्याने तक्रार करू नये, हा खेळातला जुना संस्कार. त्या संस्काराचा सर्वांत मोठा लाभ फसवणाऱ्यांना मिळतो, हे तिच्या उदाहरणावरून जितके लखलखीत दिसते तितके क्वचितच दिसते. आदर्श म्हणून कोणाचे चित्र लावायचे हा प्रश्न तिच्या काळात विचारला गेला असता, तर यादी वेगळी झाली असती.

महाराष्ट्राशी या कहाणीचा धागा १९५८ च्या त्या डायनाबॉलने जुळतो. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ ठरलेला मल्ल नरसिंग यादव २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपूर्वी मेथॅन्डिएनोनसाठी दोषी आढळला. आपल्या खाण्यात कोणीतरी ते मिसळले, हे त्याचे म्हणणे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केले. जागतिक संस्थेने त्याविरुद्ध अपील केले आणि क्रीडा लवादाने लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, चार वर्षांची बंदी घातली. आजच्या नियमांत नमुन्यात द्रव्य सापडले की ते कसे आले हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो. पूर्व जर्मनीच्या काळात पुराव्याचा सगळा भार दुसऱ्या बाजूला होता. या दोन टोकांमधला प्रवास पन्नास वर्षांचाही नाही.

जुने आकडे अधूनमधून पडत आहेत. पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्टने १९८६ मध्ये नोंदवलेला पुरुषांच्या थाळीफेकीचा ७४.०८ मीटरचा विक्रम एप्रिल २०२४ मध्ये लिथुआनियाच्या मिकोलास आलेक्नाने मोडला. बल्गेरियाच्या स्टेफ्का कोस्टाडिनोवाची १९८७ ची २.०९ मीटर उंच उडी जुलै २०२४ मध्ये युक्रेनच्या यारोस्लावा माहुचिखने पॅरिसमध्ये एका सेंटिमीटरने मागे टाकली. माहुचिखचा नमुना दहा वर्षे जपून ठेवता येतो आणि उद्याच्या अधिक सूक्ष्म यंत्रावर पुन्हा तपासता येतो. कॅनबेराच्या त्या शर्यतीनंतर दिलेल्या नमुन्याची एकदा तपासणी झाली आणि तो निर्दोष ठरला. १९८५ साली नमुने साठवून ठेवण्याची पद्धत नव्हती.